डिपोटींसमोर केलेली वीज

गेल्या महिन्यात तळेगावचे एक तरुण शिक्षक माझ्याकडे आले होते. अंगात इस्त्रीचा कोट, खिशाला फाउंटन पेन, काखेत जाड वही. त्यांच्या शाळेत सध्या नवी टूम निघाली आहे. चार-पाच मुलांचा गट करायचा, त्यांनी मिळून एका विषयाचा अभ्यास करायचा आणि मग सगळ्यांसमोर उभं राहून तो मिळून मांडायचा. "गुरुजी, तुम्ही उभा जन्म मावळात मुलं शिकवलीत. असलं काही कधी केलंत का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, केलंय, एकदाच केलंय, आणि त्यात मामलेदारांचे जोडे भिजवलेत.

त्यांना चहा दिला आणि सगळी हकीकत सांगितली. ते मनापासून हसले, पण उठताना वही उघडून म्हणाले, "तर मग यातून नियम कोणते काढायचे?" त्यावरून माझी हकीकत पुरती वाया गेली हे मी ओळखलं. म्हणून आता ती बैजवार लिहून काढतो. नोकरीला कधी लागलो, बदल्या कुठे झाल्या, कोणत्या साहेबाने काय शेरा मारला, हे पुराण लावत नाही. ते सगळं सरकारी दप्तरात आहे आणि तिथेही ते कोणी वाचत नाही.

माझी शाळा वलवणच्या धरणापलीकडे, डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका लहानशा गावात होती. शाळा म्हणजे मारुतीच्या देवळाला लागून असलेली एक लांबट खोली आणि एक मास्तर. ज्यांनी एकशिक्षकी शाळा पाहिली नाही त्यांना सांगतो, तिथे चार इयत्ता एकाच खोलीत बसतात. पहिली पाटीवर मुळाक्षरं गिरवते, दुसरी पाढे म्हणते, तिसरी नकाशात नद्या शोधते आणि चौथी या तिघींकडे लक्ष ठेवते. मास्तराचं काम चार चुली पेटवून मधे बसलेल्या बाईसारखं असतं. इकडचं उतू जायच्या आत जाळ ओढायचा आणि तोच तिकडे सारायचा. दिवस मावळला की मास्तराचा घसा बसलेला असतो आणि गावाचं म्हणणं असतं की या माणसाला दिवसभर बसून राहण्याचा पगार मिळतो.

अशा शाळेत मूल एकटं म्हणून कधी बोलत नाही. बोलते ती इयत्ता. पाढे सगळ्यांनी मिळून, कविता सगळ्यांनी मिळून, "गुरुजी, याने मारलं" हेसुद्धा निदान तिघांनी मिळून. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एक म्हातारे डिपोटी तपासणीला आले होते. शाळा तपासणाऱ्या डेप्युटी साहेबाला आमच्याकडे डिपोटी म्हणतात. त्यांनी पुढच्या ओळीतल्या एका पोराला मायेनं विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?" सगळा वर्ग ओरडला, "किसन भागू." साहेब म्हणाले, "मी याला विचारतोय." वर्ग म्हणाला, "त्यो लाजतोय." साहेबांनी कपाळाला हात लावला आणि केळी खाऊन पुढच्या गावाला गेले.

त्यांच्यानंतर दोन-तीन डिपोटी झाले आणि मग हे नवे आले. वयानं तरुण, शिकवण्याच्या शास्त्रात पदवी घेतलेले, डोक्यावर पगडीऐवजी टोपी. ते आले, त्यांनी आमचा सामुदायिक सूर ऐकला आणि डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "मास्तर, हा पोपटांचा थवा आहे. मुलांनी समजून घेऊन बोललं पाहिजे. तालुक्यातल्या शाळांचा मी वडगावला मेळावा भरवतोय. प्रत्येक शाळेनं चार मुलं आणायची. चौघांनी मिळून एक विषय लोकांसमोर मांडायचा. पाठांतर चालणार नाही." मी हो म्हणालो. डिपोटींना दुसरं काही म्हणायची तेव्हा पद्धत नव्हती.

पण मी हो म्हणालो त्याला आणखी एक कारण होतं, आणि साऱ्या हकिकतीचं मूळ तेच आहे.

आमच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग मंजूर होते. चौथी झालेल्या चार मुलांना मी घरी न पाठवता मागच्या भिंतीशी बसवून घेतलं होतं आणि पाचवीची पुस्तकं शिकवत होतो. पण मंजुरी नाही तर परीक्षा नाही आणि परीक्षा नाही तर दाखला नाही. तिघे मुलगे होते. त्यांना वेळ आली तर धरणाला वळसा घालून लोणावळ्याच्या शाळेत जाता आलं असतं. चौथी होती सखू. सावळा नावाच्या कुणब्याची ही मुलगी. वर्गात ती शेवटी बसायची आणि सगळ्यांच्या आधी समजायची. मी काही चुकीचं सांगितलं तर ती बोलायची नाही, नुसती मान एका बाजूला कलती करायची, आणि मी मुकाट्यानं फळा पुसायचो.

सावळानं मला स्पष्ट सांगितलं होतं, "गुरुजी, लोनावळ्याला काय मी पोरगी धाडनार न्हाई. हितं पाचवी झाली तर बसंल. न्हाईतर उर्शाचं येक स्थळ आलंय, मानसं बरी हायेत, देऊन टाकतो." तो वाईट माणूस नव्हता. गावात मुलीला चौथीपर्यंत बसू देणारा तो पहिलाच. पण त्याची हद्द ठरलेली होती आणि ती आमच्या खोलीच्या उंबऱ्याशी संपत होती.

डिपोटींना मी पाचवीबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "तुमची मुलं वडगावला कशी बोलतात ते पाहू. मग ठरवू." म्हणजे झालं. चौघांनी मिळून नीट बोलायचं, नाहीतर सखूची शाळा संपली.

विषय साहेबांनीच दिला. तुमचं गाव धरणाकाठी आहे, तेव्हा तुम्ही 'पाण्यापासून वीज कशी होते' हे मांडा, असं ते म्हणाले. साहेबांची समजूत अशी की धरणाकाठच्या माणसाला वीज आतूनबाहेरून माहीत असते. वास्तविक आमच्या डोळ्यांसमोरचं पाणी कालव्यानं खंडाळ्याकडे जायचं, नळांतून घाटाखाली खोपोलीला पडायचं आणि त्याची वीज तारांवरून मुंबईला जायची. गावात रॉकेलची चिमणी होती, तीही वाऱ्यानं विझायची. मी मुलांना विचारलं, "विजेचा दिवा कोणी पाहिलाय?" सखू म्हणाली, "म्या पायलाय, लोनावळ्याच्या ठेसनावर. पन इझलेला." दिवस असताना बाजार करून परतायचं ही गावाची रीत, त्यामुळे गावातल्या कोणीच पेटलेला दिवा पाहिला नव्हता.

मलाही विजेचं फारसं काही कळत नव्हतं. कालव्यावर एक ओळखीचा चौकीदार होता, त्याच्याकडे गेलो. त्याला म्हटलं, इथून पुढे पाण्याचं काय होतं? तो म्हणाला, "फुडं जायला मनाई हाय." मी म्हटलं, मी जात नाही, पाणी जातंय, त्याचं काय होतं? तो म्हणाला, "त्याला मनाई न्हाई." एवढं ज्ञान घेऊन मी लोणावळ्याला गेलो आणि ओळखीच्या मास्तरांकडून सृष्टिज्ञानाचं एक पुस्तक मागून आणलं.

मग कामाला लागलो. विषयाचे चार तुकडे केले. पाऊस आणि धरण धोंडूकडे, कारण त्याचा आवाज ओढ्यापलीकडून ऐकू यायचा. पाण्याचे नळ गणपतकडे. चाक आणि यंत्र हा अवघड भाग सखूकडे. शेवटी मुंबईचे दिवे, ते बाळूकडे. बाळू पाटलांचा मुलगा, अंगानं गोरागोमटा आणि स्वभावानं भित्रा. त्याला शेवटचं आणि सगळ्यात लहान वाक्य दिलं: "आणि अशा रीतीने मुंबापुरी दिव्यांनी झळाळून उठते."

मुलांना लोकांसमोर उभं करायचं तर पहिली अडचण जिभेची नसते, हातांची असते. आमच्या पोरांच्या हातात सदा काहीतरी असायचं, विळा नाहीतर दावं नाहीतर धाकटं भावंड. रिकामे हात घेऊन उभं राहायची त्यांना सवयच नव्हती. एक डोकं खाजवी, दुसरा सदऱ्याचं टोक चघळी, गणपत तर स्वतःचाच कान धरून उभा राही. म्हणून मी प्रत्येकाच्या हातात काहीतरी द्यायचं ठरवलं. धोंडूला पाण्याची कळशी, गणपतला पोकळ बांबूचा नळ, सखूला बांबूच्या कामट्यांचं चाक आणि बाळूला कंदिलाची काच. कळशीतलं पाणी बांबूतून चाकावर पडेल, चाक फिरेल आणि मग बाळू काच उंच धरील, असा बेत होता. बांबू जरा चिरलेला होता, पण डोंगरात त्याहून चांगला बांबू सापडला तो सरपंचकी करणाऱ्या आमच्या पाटलांच्या काठीला गेला.

दुसरी अडचण डोळ्यांची. पोरं बोलताना आढ्याकडे बघत. लोकांकडे बघून बोलायची सवय व्हावी म्हणून मी त्यांना धरणाच्या काठाला नेलं आणि म्हशींसमोर उभं केलं. म्हशींचा मला फार उपयोग झाला. त्या डोळ्याला डोळा देऊन ऐकतात, मधे बोलत नाहीत आणि अर्ध्यावर उठून जात नाहीत. पुढे मी मोठमोठ्या सभा पाहिल्या, पण असे श्रोते पुन्हा मिळाले नाहीत.

म्हशींपुढे जमलं तेव्हा एका संध्याकाळी देवळात गावासमोर तालीम ठेवली. इथे माझ्या ध्यानात भलतीच गोष्ट आली.

धोंडू जोरात सुरू झाला आणि "पर्जन्यमान" या शब्दाशी अडला. त्याबरोबर शेजारच्या गणपतनं धोंडूचं वाक्य म्हणून टाकलं. गणपतची पाळी आली तेव्हा धोंडूनं उपकार फेडले आणि गणपतचं एक वाक्य आपण म्हटलं. सखूनं दोघांचं राहिलेलं उचललं, बाळूनं सखूचं अर्धं. शेवटी पाणी कुणाचं, नळ कुणाचा आणि चाक कुणाचं हे मलाही सांगता येईना. गाव मात्र माना डोलावत होतं.

मी चिडलो. एक म्हातारे आबा होते, ते म्हणाले, "मास्तर, पोरांस्नी कशापायी रागावता? सावडीचं काम हाय ते." आणि मग मला उमगलं. आमच्याकडे भाताची कापणी सावडीनं होते, म्हणजे आज सगळ्यांनी माझ्या शेतात, उद्या तुझ्या. माणसं एका ओळीत बसतात. प्रत्येकाच्या वाट्याला जो पट्टा येतो ती त्याची पात. एखाद्याची पात मागे राहिली की शेजारचे दोघे आपला विळा तिच्यात घालतात आणि ओळ पुन्हा सरळ होते. शेजाऱ्याला मागे टाकून जो एकटा बांध गाठतो त्याला पुढच्या साली कोणी बोलवत नाही. ही पोरं कळायला लागल्यापासून त्या ओळीत बसत होती. मी त्यांना चार तुकडे वाटून दिले आणि त्यांनी त्याच्या चार पाती केल्या.

पण डिपोटींना हे कोण सांगणार? त्यांना शिस्त हवी होती. मी मुलांना खडसावून सांगितलं, "वडगावला ज्याचं त्यानं बोलायचं. शेजारचा अडला तरी दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही."

सखूनं मान कलती केली. "मग त्यो तसाच हुबा ऱ्हाईल की, गुरुजी."

"राहू दे," मी म्हणालो.

मेळावा वडगावला बाजाराच्या दिवशी होता. लोणावळ्यापर्यंत चालत आणि पुढे आगगाडीनं आम्ही पोचलो. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. पुढे खुर्च्यांवर मामलेदार, डिपोटी आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी. मामलेदारांनी नवेकोरे पंपशू घातले होते आणि ते लोकांना दिसावेत असे पाय पुढे करून ते बसले होते. मागे कनातीला टेकून बाजारची माणसं, डोक्यावर पाट्या, खांद्यावर रिकामी पोती. त्यांतच सावळा दिसला. तांदूळ विकायला आलो होतो, सहज डोकावलो, असं तो पुढे म्हणाला. त्याच्याजवळ मोठ्या मिशांचे एक पाहुणे होते. ते उर्शाचे, मुलाचे वडील, हे मला माहीत होतं.

आमच्या आधी एका मोठ्या गावच्या शाळेची चार मुलं झाली. विषय स्वच्छता. चौघांचे सदरे इस्त्रीचे, केस तेल लावून चापून बसवलेले. एक थांबला की दुसरा सुरू, दुसरा थांबला की तिसरा, कुठे खाच नाही की खळगा नाही. टाळ्या झाल्या. माझी चौघं हे पाहत एकमेकांना चिकटून उभी होती. त्यांना एकमेकांपासून सोडवून मी व्यासपीठावर चढवलं आणि मागे जाऊन उभा राहिलो.

धोंडूनं कळशी उचलली. लोकांकडे पाहिलं. तिथे एकही म्हैस नव्हती.

"अध्यक्षमहाराज, गुरुजन आणि," एवढं तो बोलला आणि थांबला. पुढचा शब्द येईना. गणपतनं तोंड उघडलं, त्याला माझी ताकीद आठवली आणि त्यानं ते मिटून घेतलं. सखू चाकाकडे बघत राहिली. मांडवात कोणी खोकलं तेवढंच ऐकू आलं. 

बाळूचं सगळ्यात मोठं भय हे की आपली पाळी येईल आणि आपल्याला कळणार नाही. सगळे गप्प झालेत त्याअर्थी आता आपलीच पाळी, असं त्यानं धरलं. एक पाऊल पुढे आला, काच डोक्यावर धरली आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आणि अशा रीतीने मुंबापुरी दिव्यांनी झळाळून उठते."

मागून एक शेतकरी म्हणाला, "आरं लेकरा, पानी तर अजून कळशीतच हाय."

मांडव हसून हसून आडवा झाला. धोंडू दचकला, कळशी कलली आणि पाणी व्यासपीठावरून धारेनं खाली आलं ते मामलेदारांच्या नव्या जोड्यांवर. मामलेदारांनी दोन्ही पाय वर उचलले आणि खुर्चीत मांडी घालून बसले. डिपोटींनी टोपी काढून पुन्हा घातली. मागे उर्शाचे पाहुणे मिशीत हसत होते. पाचवी गेली, असं मी मनाशी म्हटलं.

सखूनं माझ्याकडे पाहिलं. मी काय खूण केली ते मला आठवत नाही. ती अजून म्हणते की मी खूण कसली करतोय, मी डोळे झाकून घेतले होते. असेल तसं. तिनं चाक खाली ठेवलं आणि बाळूकडे वळली.

"बाळू, मुंबई इझव. मागं ये."

बाळूनं काच खाली घेतली.

"धोंडू, आपल्याकडं पाऊस किती पडतो रं?"

"लय," धोंडू म्हणाला.

"लय म्हंजी किती?"

"म्हशीच्या शिंगावर शेवाळ धरतं."

लोक पुन्हा हसले, पण हे हसू निराळं होतं. धोंडूला ते कळलं आणि त्याचा आवाज परत आला. "येवडं पानी ठेवायचं कुटं? म्हून मदी भित घातली. ते धरान." सखूनं विचारलं, "आन धरनातनं कुटं जातं?" आता गणपत पुढे सरला, बांबू तिरका धरला आणि घाट कसा उतरतो, नळ का जाड लागतात, ते त्यानं दोन्ही हातांनी दाखवलं. धोंडूनं उरलेलं पाणी ओतलं. बांबूच्या चिरेतून पाणी फुटायला लागलं तेव्हा बाळूनं कोणी न सांगता चिरेवर बोट दाबून धरलं. सखूनं चाक धारेखाली धरलं आणि ते फिरलं.

"फिरलं की," मागून कोणीतरी म्हणालं, आणि पाट्या खाली ठेवून माणसं पुढे आली.

मी घोटून घेतलेलं पुस्तकी मराठी एव्हाना चौघांनीही टाकून दिलं होतं. गणपत अडला तर धोंडू सांगे, सखू दमली तर बाळू. चाकाला यंत्र जोडलेलं असतं, यंत्रात लोहचुंबक असतो आणि तांब्याच्या तारांचं वेटोळं असतं, एकाजवळून दुसरं गरगर फिरलं की तारेत वीज उपजते, हे सखूनं चाक फिरवत सांगितलं. भाजीची पाटी घेतलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "बये, येवडी वीज पान्यात व्हती तर आमी जलमभर पीत आलो, आमास्नी कसं काय झालं न्हाई?"

दुसऱ्या कोणी पोरानं असा प्रश्न आल्यावर मास्तराकडे पाहिलं असतं. सखू म्हातारीकडेच बघून म्हणाली, "मावशे, वीज पान्यात नसती. उंचावनं पडतं, त्या पडन्यात जोर असतो. रांजनात ठेवलं तर ते नुसतं पानीच." म्हातारीला ते पटलं. मलाही, खरं सांगतो, तेव्हाच नीट समजलं.

शेवटी बाळूनं विचारलं, "आता लावू का मुंबई?"

"लाव," सखू म्हणाली. त्यानं काच वर धरली आणि टाळ्यांनी मांडव दणाणला.

डिपोटी उठले. चेहऱ्यावरून काही कळेना. त्यांनी आधी त्या स्वच्छतेवाल्या शाळेच्या दुसऱ्या मुलाला बोलावलं आणि विचारलं, "विहिरीचं पाणी कशानं खराब होतं?" तो मुलगा अदबीनं म्हणाला, "साहेब, ते माझ्याकडे नाही. ते यशवंताकडे आहे." मग ते आमच्या बाळूकडे वळले. "तू फक्त दिवे लावलेस. चाक कोण फिरवतं, सांग." बाळूनं काच खाली ठेवली. तो म्हणाला, "ती सखूची पात हाय, सायेब. पन सांगतो की." आणि त्यानं पावसापासून सुरू करून सगळं सांगितलं. थांबवल्याशिवाय तो थांबेना.

बक्षीस स्वच्छतेलाच मिळालं, कारण कार्यक्रमात शिस्त हवी, असं डिपोटींनी भाषणात सांगितलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, बोलण्यात मांडणी नाही, भाषा अशुद्ध आहे, आणि मामलेदारसाहेबांची मी क्षमा मागितली आहे. पण विषय चौघांना येतो. तुमची पाचवी मी देतो." मामलेदार ओले जोडे हातात घेऊन शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "पाण्याच्या पडण्यात जोर असतो याची खात्री पटली."

मी हवेत होतो. सावळाला ही बातमी द्यायला मागे धावलो. तो कनातीपाशी उर्शाच्या पाहुण्यांसमोर उभा होता आणि पाहुणे बोलत होते. "सावळाभाऊ, पोरगी गुनाची हाय, न्हाई म्हनत न्हाई. पन लय बोलती, आन ती बी बाजारात. आमच्या घरात आमची म्हातारी बोलती तेवडं बास हाय. आमचा काय इचार न्हाई." त्यांनी रामराम घातला आणि बैलगाडीकडे गेले. सावळा खांद्यावरचं रिकामं पोतं सारखं करत तिथेच उभा राहिला.

माझा सगळा आनंद जागच्या जागी गोठला. मी त्याला सांगितलं, पाचवी मंजूर झाली. तो नुसतं "व्हय का" म्हणाला. परतीच्या गाडीत पोरं खिडकीशी दंगा करत होती आणि सावळा डब्याच्या टोकाला पाठ करून बसला होता. लोणावळ्याहून चालतानाही तो पुढेच राहिला. चारचौघांत सोयरीक मोडली, तीही मुलगी बोलते म्हणून. गावात ही गोष्ट पोचायला वेळ लागणार नव्हता. त्या माणसाला मी तोंड कसं दाखवू, हे मला कळेना. पाचवी मिळाली आणि पाचवीतली मुलगीच घालवून बसलो, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. पोरं बाहेर पिंपळाखाली होती. मी म्हणालो, "सावळाभाऊ, झालं ते माझ्यामुळे झालं. मीच तिला उभी केली."

तो उंबऱ्यावर बसला.  मग म्हणाला, "घरी गेल्यावर पोरीला इचारलं म्या. म्हनलं, सोयरीक मोडली, तुला वाईट वाटलं का? तर म्हनती, कुनाची?"

मी हातातली हजेरी मिटून ठेवली.

"घरात समद्यास्नी ठावं व्हतं. शेजारपाजारी ठावं व्हतं. तुमास्नीबी ठावं व्हतं."

"होतं," मी म्हणालो.

"गुरुजी, ती तितं समद्या बाजाराला समजावून सांगत व्हती. त्या भाजीवाल्या म्हातारीलाबी नीट सांगितलं तिनं. आन तिचं सोताचं तिला आमी कुनी सांगितलंच न्हवतं." त्यानं पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं. "मला लय लाज वाटली."

मलाही वाटली. तिला ठाऊक असेलच असं मी धरून चाललो होतो. महिनाभर तिला रोज समोर उभी करून बोलायला लावत होतो, पण हे विचारायचं माझ्या मनात आलं नव्हतं.

"तिचं नाव घाला पाचवीत," सावळा म्हणाला.

"घालतो. आणि पुढे सहावीचं? सहावी इथे नाही. लोणावळ्यालाच जावं लागेल."

सावळा उठला. "ते मला नगा इचारू. तिलाच इचारा."

मी पिंपळाकडे तोंड करून सखूला हाक मारली. सावळा जायला निघाला होता तो दाराशीच थांबला, ती काय म्हणते ते ऐकायला.